धातू धरणारं प्रथिन शून्यापासून रचायचं असेल, तर आधी रिकामं प्रथिन रचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "प्रथिन-रचनेची नवी सॉफ्टवेअर मला वापरता येतात. आता निसर्गात नसलेलं, जस्त धरणारं एक छोटं प्रथिन शून्यापासून रचायचं आहे. जमलं तर पुढे त्याच्याकडून एखादी अभिक्रियाही करवून घ्यायची आहे. सुरुवात कुठून करावी, घडी कोणती निवडावी, सॉफ्टवेअरवर किती विसंबावं, आणि जस्त खरंच हव्या त्या जागी बसलं हे ओळखायचं कसं?"

नुसतं जस्त बसवणं यात अवघड नाही. कुठल्याही प्रथिनाच्या पृष्ठभागावर दोन-तीन हिस्टिडीन (धातू धरू शकणारं एक अमिनो आम्ल) जवळजवळ आले की जस्त, निकेल, तांबं, काहीतरी येऊन चिकटतंच. सहा हिस्टिडीनची शेपटी जोडून आपण रोज प्रथिनं शुद्ध करतो ती याच जोरावर. तोच धातू, ठरवलेल्या लिगंडांनीच (धातूला थेट धरणाऱ्या गटांनीच), ठरवलेल्या भूमितीत, आणि गरज असेल तिथे एक बाजू मोकळी ठेवून बसवायचा म्हटलं की खरी परीक्षा सुरू होते. त्यासाठी धातू आत नसताना प्रथिन कसं दिसेल, याचा विचार सगळ्यांत आधी करावा लागतो. नवखी मंडळी नेमकी उलटीकडून सुरुवात करतात: जस्त मध्यभागी ठेवतात, भोवती चार लिगंड सुबक मांडतात आणि उरलेलं प्रथिन त्याभोवती गुंडाळतात. पडद्यावर ते छान दिसतं. परीक्षानळीत मात्र प्रथिन आधी रिकामंच तयार होतं, आणि त्या रिकाम्या अवस्थेत ते कसं वागतं यावर पुढचं सगळं ठरतं.

का ते बघू. पाण्यातल्या जस्ताच्या आयनाभोवती पाण्याचे सहा रेणू असतात. त्यातले बहुतेक सोडून ते तीन हिस्टिडीनकडे येतं तेव्हा काही ऊर्जा मिळते. ती खर्च कशावर होणार हा प्रश्न. हिस्टिडीनला, आणि त्याहून जास्त ग्लुटामेट-अस्पार्टेटला, पाण्यात राहायला आवडतं. त्यांना प्रथिनाच्या गाभ्यात कोंबायचं तर किंमत मोजावी लागते. ती किंमत प्रथिनाच्या बाकीच्या घडीने आधीच मोजली असेल, तर धातूची बंधनऊर्जा जवळपास पूर्ण शिल्लक राहते आणि पकड घट्ट होते. नसेल मोजली, तर रिकामं प्रथिन वेगळ्याच आकारात स्थिरावतं: हिस्टिडीन बाहेर पाण्याकडे वळतात, हेलिक्स (साखळीचे मळसूत्री पिळे) जवळ सरकून पोकळी बुजवतात. मग धातूला आधी हा सगळा पसारा हलवावा लागतो, आणि पकड ढिली पडते.

निसर्ग दोन्ही वाटांनी जातो. दोन सिस्टीन (गंधक असलेलं अमिनो आम्ल) आणि दोन हिस्टिडीनवाली झिंक फिंगर ही सुमारे तीस अमिनो आम्लांची साखळी जस्ताशिवाय धड घडीतच नसते. जस्त आल्यावर घडते. तिथे घडीचा खर्च धातूच उचलतो. जस्त-गंधक बंध इतका दणकट असतो की हे परवडतं. तीन हिस्टिडीन आणि एक पाणी अशी जागा हवी असेल, तर हा व्यवहार सहसा आतबट्ट्याचा ठरतो.

या क्षेत्राचा इतिहासही हेच सांगतो. १९९० साली लिन रीगन आणि नील क्लार्क यांनी, आणि त्याच वर्षी ट्रेसी हँडेल आणि विल्यम डीग्रेडो यांनी, शून्यापासून रचलेल्या चार-हेलिक्सच्या जुडग्यात जस्ताची जागा बसवून दाखवली. दोन्हीकडे जुडगं आधी होतं, जागा नंतर आली. पुढे डीग्रेडो आणि अँजेला लोंबार्डी यांच्या गटांनी 'दुए फेर्री' ही प्रथिनांची मालिका रचली. यात दोन लोह-अणू शेजारी बसतात आणि त्यांना चार ग्लुटामेट, दोन हिस्टिडीन धरतात. चार ऋणभारित ग्लुटामेट हेलिक्सच्या गाभ्यात एकमेकांजवळ! धातू नसताना ते एकमेकांना ढकलणार, हे उघड आहे. तरीही पहिल्या प्रथिनाची धातूविरहित रचना एनएमआरने (चुंबकीय अनुनादाने) पाहिली तेव्हा लिगंड बरेचसे आपापल्या जागीच आढळले. बाकीचं जुडगं भक्कम असल्यामुळे ती ढकलाढकली त्याने पचवली. त्याची किंमतही होती. गाभ्यात इतके भारित घटक ठेवणारं प्रथिन, त्यांच्या जागी साधे जलविरोधी घटक ठेवले तर जितकं स्थिर होईल तितकं नसतंच. म्हणून माझा पहिला सल्ला: जागेशिवायचं जुडगं गरजेपेक्षा खूप जास्त स्थिर असेल असं रचा. ९५ अंश सेल्सिअसलाही न उलगडणारं जुडगं हाताशी असेल तर जागा बसवताना खर्चायला काहीतरी असतं.

घडी कोणती, याचं उत्तर यातच येतं. पहिल्या प्रयत्नाला तीन किंवा चार अल्फा-हेलिक्सचं जुडगं घ्या, आणि एकाच साखळीचं घ्या. हेलिक्सच्या जुडग्यांची भूमिती थोड्या संख्यांत मांडता येते. फ्रान्सिस क्रिकने १९५३ मध्येच कॉइल्ड कॉइलची, म्हणजे एकमेकांभोवती पिळलेल्या हेलिक्सची, समीकरणं दिली. त्रिज्या, पीळ आणि प्रत्येक हेलिक्सचा कोन थोडाथोडा बदलत हजारो कणे (बाजूचे गट वगळून साखळीचे नुसते सांगाडे) तयार करायचे आणि कोणत्या कण्यावर तुमची जागा ओढाताण न करता बसते ते पाहायचं. बीटा-पत्र्यांत उत्तम जागा बसतात, कार्बोनिक अनहायड्रेज या नैसर्गिक जस्त-एन्झाइमची बसतेच. पण नव्याने रचलेले बीटा-पत्रे गुठळ्या होण्याकडे झुकतात. तो ताप पहिल्याच फेरीत ओढवून घेऊ नका.

आता जागेच्या आत डोकावू. समजा एका हेलिक्सवर दोन हिस्टिडीन ठेवलेत, एकमेकांपासून चार जागांच्या अंतरावर. हेलिक्सच्या एका वळणात ३.६ अमिनो आम्लं, म्हणून ते जवळपास एकाच बाजूला येतात आणि एकाच आयनाला धरू शकतात. तिसरा हिस्टिडीन शेजारच्या हेलिक्सवरून येतो. जस्त ते नायट्रोजन अंतर २.० ते २.१ अँगस्ट्रॉम हवं, एवढं सगळेच पाहतात. कमी जण पाहतात ती गोष्ट म्हणजे हिस्टिडीनच्या इमिडॅझोल कड्याचं प्रतल. धातू त्या प्रतलातच, नायट्रोजनच्या एकाकी इलेक्ट्रॉन-जोडीच्या रेषेत यायला हवा. अंतर बरोबर पण धातू प्रतलाच्या वर तरंगतोय, अशा रचना गाळणीतून सुटतात आणि प्रयोगात आपटतात. दुसरं, हिस्टिडीनला दोन नायट्रोजन आहेत: डेल्टा आणि एप्सिलॉन. एक धातूला धरतो, दुसऱ्यावर हायड्रोजन राहतो. तो हायड्रोजन कुठे जाणार? गाभ्यात त्याला हायड्रोजन-बंधासाठी जोडीदार मिळाला नाही, तर तुम्ही एक ध्रुवीय गट जलविरोधी पोकळीत उघडा सोडलात. त्याची शिक्षा मिळते: रिकाम्या अवस्थेत तो हिस्टिडीन वळून पाण्याकडे जातो.

धातूला थेट धरणारे लिगंड हे पहिलं कवच; हे जोडीदार म्हणजे दुसरं कवच, आणि माझ्या मते रचनेचा निम्मा जीव तिथे आहे. मानवी कार्बोनिक अनहायड्रेज-२ मध्ये जस्ताला हिस्टिडीन ९४, ९६ आणि ११९ धरतात; पहिले दोन एप्सिलॉन नायट्रोजनने, तिसरा डेल्टाने. त्या तिघांच्याही मोकळ्या बाजूला कोणी ना कोणी हात धरून उभं आहे: एकापाशी ग्लुटामिन ९२, एकापाशी ग्लुटामेट ११७, एकापाशी कण्यातला कार्बोनिल. जस्तावर बसलेल्या हायड्रॉक्साइडला थ्रिओनिन १९९ सावरतो. हे अप्रत्यक्ष जोडीदार एकेक करून काढले तर जस्ताची पकड प्रत्येकी सुमारे दहापट ढिली होते, असं कॅरोल फिअर्के यांच्या गटाने १९९५ मध्ये दाखवलं. मूळ पकड पिकोमोलर पट्ट्यातली आहे (हा आकडा जितका लहान तितकी पकड घट्ट). याउलट व्हिन्सेंट पेकोरारो यांच्या गटाने २०१२ मध्ये तीन-हेलिक्सच्या रचलेल्या जुडग्यात तशीच तीन हिस्टिडीनची जागा बसवली. पहिलं कवच जवळजवळ हुबेहूब, दुसरं कवच जवळजवळ नाहीच. त्याची जस्तावरची पकड मायक्रोमोलरच्या आसपास. म्हणजे तेच तीन लिगंड, आणि फरक लाखो पटींचा. सगळा फरक दुसऱ्या कवचाचा नाही, तीन वेगळ्या साखळ्या एकत्र येण्याचाही त्यात वाटा आहे; तरी पहिलं कवच जमलं म्हणजे जागा जमली असं मानणाऱ्यांनी ही दोन प्रथिनं शेजारी ठेवून पाहावीत.

म्हणून प्रत्यक्ष करताना क्रम असा ठेवा: आधी धातू आणि पहिलं कवच, लगेच त्याच बैठकीत दुसरं कवच, आणि मगच उरलेला गाभा. प्रत्येक हिस्टिडीनला अस्पार्टेट, ग्लुटामेट, ग्लुटामिन, थ्रिओनिन किंवा कण्याचा कार्बोनिल यांपैकी एक जोडीदार मिळत नसेल तर तो कणाच सोडून द्या. दुसरा शोधा. कणे फुकट आहेत.

पोकळीचाही हिशोब लागतो. पेकोरारोंच्याच कामात कॅडमियमचं एक सुरेख उदाहरण आहे. तीन हेलिक्सवर एकाच पातळीवर तीन सिस्टीन आहेत आणि कॅडमियम त्यांच्यामध्ये बसतं. वरच्या थरातला ल्युसिन काढून तिथे छोटा अॅलानिन ठेवला की जागा होते, पाण्याचा रेणू आत शिरतो आणि कॅडमियमला चौथा लिगंड मिळतो. उलट सिस्टीनच्या जागी फांद्या असलेला पेनिसिलामीन ठेवला की जागा मिटते आणि कॅडमियमला तीन गंधकांवर भागवावं लागतं. कॅडमियम-११३ च्या एनएमआरमध्ये या दोन अवस्थांचे संकेत शंभराहून जास्त पीपीएमने वेगळे दिसतात. लिगंडांना हातही न लावता, शेजारच्या थरातले काही मिथिल गट काढून धातूची समन्वय-संख्या (त्याला धरणाऱ्यांची संख्या) बदलता येते. त्याच गटाने १९९७ मध्ये पाऱ्यालाही त्याच्या आवडत्या सरळ रेषेतून काढून तीन गंधकांच्या त्रिकोणात बसवलं होतं. ही ताकद मुख्यतः घडीची असते.

आता धातूंमधली निवड. तुम्हाला जस्त हवंय, पण जागेला ते माहीत नाही. द्विभारित धातूंच्या बंधनाची चढती भाजणी आर्व्हिंग आणि विल्यम्स यांनी १९४८ मध्येच मांडली: मँगनीज, लोह, कोबाल्ट, निकेल, तांबं, आणि मग जस्त तांब्याच्या खाली. लवचीक जागा रचलीत की ती जवळपास याच क्रमाने वागणार, म्हणजे तांबं मिळालं तर जस्ताला उठवून तांबं घेणार. पेशीतली प्रथिनं यातून सुटतात ती पुष्कळदा स्वतःच्या गुणांवर नाही, तर पेशी मोकळं तांबं आणि जस्त अत्यंत तुटपुंजं ठेवते म्हणून. सायनोबॅक्टेरियातलं एक मँगनीज-प्रथिन तर मुद्दाम पेशीच्या आतच घडी घालून, मँगनीज घेऊन, मग बाहेर पाठवलं जातं. बाहेर घडलं असतं तर त्याने तांबं किंवा जस्त धरलं असतं. परीक्षानळीत त्याला मँगनीजच धरायला लावायचं तर मँगनीज हजारो पट जास्त घालावं लागतं.

मग रचनेने निवड साधता येते का? काही अंशी. तांब्याला चौकोनी सपाट मांडणी किंवा लांबट अष्टफलक आवडतो, चतुष्फलक नाही. जस्ताला चतुष्फलक चालतो. म्हणून कडक चतुष्फलकीय जागा तांब्याला थोडी महाग पडते. "कडक" या शब्दावर सगळी मदार आहे. हेलिक्स अर्धा अँगस्ट्रॉम सरकू शकत असतील तर जागा येणाऱ्या धातूसारखी होते. अकिफ तेझ्कान यांच्या गटाने २०२२ मध्ये असं रचलेलं प्रथिन दाखवलं, ज्यात तांब्यापेक्षा कोबाल्ट आणि निकेल पसंत केले जातात. घडीच तांब्याला हवी ती मांडणी मिळू देत नाही. भाजणी उलटवता येते याचा हा सज्जड पुरावा आहे. पहिल्याच रचनेत तुम्हीही ती उलटवाल अशी अपेक्षा मात्र धरू नका. तुमच्यासाठी व्यवहार्य ध्येय: जस्त-तांबं यांच्या पकडीतला फरक मोजा, नोंदवा, आणि पुढच्या फेरीत तो कमी झाला का ते पाहा.

सॉफ्टवेअरबद्दल फार लांबण लावत नाही, कारण ती भराभर बदलताहेत. डेव्हिड बेकर यांना २०२४ चं रसायनशास्त्राचं अर्धं नोबेल संगणकीय प्रथिन-रचनेसाठी मिळालं, ते योग्यच. त्यांच्या गटाच्या, कणे बनवणाऱ्या आरएफडिफ्यूजनने २०२३ मध्ये चार साखळ्यांच्या मधोमध हिस्टिडीनने निकेल धरणारी प्रथिनं रचून दाखवली. तेव्हा कणे बनवण्याची अडचण बरीचशी संपली आहे. तीन सूचना मात्र लक्षात ठेवा. एक: कण्याला साजेसा अमिनो आम्लांचा क्रम सुचवणाऱ्या मूळ प्रोटीनएमपीएनएनला धातू दिसत नाही. तुम्ही फक्त हिस्टिडीन गोठवलेत आणि बाकी त्याच्यावर सोडलंत, तर दुसऱ्या कवचाच्या जागी ते खुशाल ल्युसिन भरतं. धातूही पाहणारी त्याची आवृत्ती, लिगंडएमपीएनएन, वापरा, किंवा दुसरं कवचही गोठवा. दोन: रोझेटा या प्रथिन-रचनेच्या सॉफ्टवेअर-संचातली धातूची हाताळणी मुख्यतः भूमितीच्या बंधनांवर चालते. तिथला ऊर्जेचा आकडा म्हणजे बंधनऊर्जा नव्हे, त्यावरून दोन रचनांची पकड तोलू नका. जागेच्या पन्नास-शंभर अणूंचं क्वांटम गणित करून लिगंड ओढाताणीत नाहीत ना, एवढं पाहणं जास्त उपयोगी. तीन, आणि ही माझ्या मुद्द्याला थेट भिडते: घडीचं भाकीत करणारी साधनं ज्या रचनांवर शिकली त्यात धातू-प्रथिनं बहुतेक धातूसकटच होती. त्यामुळे तुमच्या क्रमाचं धातूविरहित भाकीत मागितलंत तरी हिस्टिडीन कसे धातू असल्यासारखेच मांडलेले दिसतात. ते चित्र पाहून "रिकामी जागा तयार आहे" असं म्हणणं म्हणजे स्वतःची समजूत घालणं. त्यापेक्षा धातू काढून काहीशे नॅनोसेकंदांचं रेणू-गतिकीचं अनुकरण चालवा, तेही वेगवेगळ्या सुरुवातींनी, आणि तिन्ही नायट्रोजनमधली अंतरं कशी पांगतात ते पाहा. हिस्टिडीनची प्रोटॉन-अवस्था हाताने ठरवायला विसरू नका. जस्त आत ठेवून अनुकरण करायचं तर साध्या गोळा-आणि-भार नमुन्यांवर विश्वास टाकू नका. त्यात जस्त हटकून सहा जणांना धरू बघतं.

प्रयोगाकडे येऊ. सगळ्यांत जास्त फसगत इथे होते, म्हणून जरा रेंगाळतो.

शुद्धीकरणाची हिस्टिडीन-शेपटी कापल्याशिवाय धातूबंधनाचं एकही मोजमाप घेऊ नका, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण कापल्यावर काय उरतं? नेहमीच्या वापरातल्या एका वाहक-प्लाझ्मिडमध्ये थ्रॉम्बिनने शेपटी कापली की प्रथिनाच्या सुरुवातीला ग्लायसिन-सेरिन-हिस्टिडीन-मेथिओनिन असे चार उरतात. मोकळं अमिनो टोक आणि तिसऱ्या जागी हिस्टिडीन: तांबं आणि निकेल घट्ट धरणारा हा प्रसिद्ध आकृतिबंध आहे. रक्तातल्या अल्ब्युमिनचं टोक तांब्याला याच पद्धतीने धरतं. म्हणजे तुम्ही तांब्याची निवड मोजायला बसलात तर तुमच्या रचलेल्या जागेची पकड मोजण्याऐवजी या उरलेल्या टोकाची मोजाल, आणि आकडा इतका सुंदर येईल की शंकाही येणार नाही. दुसरी शेपटी निवडा, किंवा टोकाचा क्रम बदला.

बफरही साधाभोळा नसतो. ट्रिस धातूंना धरतो, फॉस्फेट जस्ताला खाली बसवतो, डीटीटी तर जस्ताचा चांगलाच लिगंड आहे. हेप्स किंवा मॉप्स घ्या. सिस्टीनचं ऑक्सिडीकरण टाळायचं असेल तर डीटीटीऐवजी टीसीईपी. बफर धातू शोषणाऱ्या चेलेक्स रेझिनवरून गाळून घ्या. जस्त सगळीकडे असतं: काच, प्लास्टिक, पाणी, हातमोजे. "धातूविरहित" म्हणून घेतलेल्या प्रथिनात आधीच किती जस्त आहे हे आयसीपी-एमएसने (धातू मोजणाऱ्या वस्तुमान-वर्णपटयंत्राने) किंवा निदान पीएआर या रंजकाने तपासा. ई. कोलाय पेशी घट्ट जागा भरूनच प्रथिन हातात देते, हे विसरू नका. पीएच सुद्धा नोंदवा. हिस्टिडीनचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे गट प्रोटॉन सोडतात) सहा-साडेसहाच्या आसपास असल्याने पीएच ६.५ आणि ७.५ या दोन ठिकाणी पकडीचे आकडे खूप वेगळे येतील.

जस्त स्वतः काही सांगत नाही. त्याची डी-कक्षा पूर्ण भरलेली, रंग नाही, चुंबकीय संकेत नाही. म्हणून त्याच्या जागी कोबाल्ट घाला. पाण्यातला द्विभारित कोबाल्ट फिका गुलाबी असतो, कारण तो अष्टफलकीय आहे आणि प्रकाश फार कमी शोषतो; शोषण-गुणांक पन्नासच्याही खाली. तोच चतुष्फलकात बसला की ५५० ते ७०० नॅनोमीटरमध्ये पट्टे उठतात आणि गुणांक तीनशेच्या वर जातो. तीन-चार नायट्रोजन असतील तर निळसर जांभळा, गंधक असतील तर हिरव्याकडे झुकलेला रंग येतो. पण हे दिसायला प्रथिन पुरेसं दाट हवं. ५० मायक्रोमोलर द्रावणात सहाशे गुणांकाचा पट्टा ०.०३ शोषण देतो, म्हणजे गोंगाटातच. अर्धा मिलिमोलर घ्या, ०.३ येईल. कोबाल्ट थोडाथोडा घाला. पट्टा एका सममात्रेपर्यंत (एका प्रथिनामागे एक आयन) सरळ वाढून थांबला तर एक जागा, एक धातू. अर्ध्यावरच थांबला तर दोन प्रथिनांच्या मध्ये एक आयन अडकतोय का ते रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या आकारमान-वर्णलेखनाने लगेच पाहा. रचलेल्या जुडग्यांना ही खोड फार आहे. पट्टा न थांबता वाढतच गेला आणि गुणांक कमीच राहिला, तर कोबाल्ट पृष्ठभागावर भटकतोय. मग त्याच नळीत जस्त घाला. रंग गेला तर जस्ताने ती जागा घेतली. इतकी स्वस्त आणि इतकी बोलकी कसोटी दुसरी मला माहीत नाही.

पकडीचा आकडा काढताना आणखी एक सापळा आहे. बंधनाची उष्णता मोजणाऱ्या कॅलरीमीटरमध्ये २० मायक्रोमोलर प्रथिनावर जस्त टाकत गेलात आणि वक्र पायरीसारखा सरळ खाली पडला, तर त्यातून मिळणारा वियोजन स्थिरांक काहीच सांगत नाही. "नॅनोमोलर पट्ट्यातली किंवा त्याहून घट्ट असावी" एवढंच म्हणता येतं. अशा वेळी स्पर्धा लावावी लागते: ज्याची पकड माहीत आहे असा चेलेटर (धातू पकडून ठेवणारा रेणू), ईजीटीए किंवा एखादा चमकणारा रंजक, प्रथिनासोबत ठेवायचा आणि जस्त कोणाकडे किती जातं ते मोजायचं. प्रत्येक मोजमापासोबत हिस्टिडीनच्या जागी अॅलानिन असलेला भाऊबंद हवाच. त्यानेही तितकंच जस्त धरलं, तर तुमची जागा हे काम करत नाहीये.

आणि रिकामी अवस्था प्रयोगातही तपासा. वर्तुळाकार द्विवर्णतेने हेलिक्सचं प्रमाण धातूसह आणि धातूविना सारखंच दिसलं तर तेवढ्यावर खूश होऊ नका. हेलिक्स तितकेच असतील पण गाभा वितळलेला असू शकतो. नायट्रोजन-१५ लावलेल्या प्रथिनाचा द्विमितीय एनएमआर वर्णपट रिकाम्या अवस्थेत घ्या. ठिपके वेगवेगळे, टोकदार आणि पसरलेले असतील तर घडी खरी. सगळे मध्यभागी गोळा होऊन धूसर झाले असतील, तर धातू घडी घडवतोय आणि तुमच्या पकडीतून त्याचा खर्च वजा होतोय. तिथून पुन्हा गाभ्याकडे जायचं. जागेला हात लावायचा नाही.

ताठरपणाचाही अतिरेक होतो, हेही सांगायला हवं. 'दुए फेर्री'च्या पहिल्या प्रथिनात धातूंकडे जाणारी वाट ल्युसिनने अडवली होती; तिथे अॅलानिन किंवा ग्लायसिन ठेवल्यावर लहान रेणूंना आत यायला जागा झाली. जागा तयार हवी, पण तिला दार हवं.

शेवटचा भाग, अभिक्रिया. पहिल्याच रचनेत एन्झाइमची हाव धरू नका, पण तिची सोय ठेवा: तीन हिस्टिडीन, चौथ्या बाजूला पाणी, आणि त्या पाण्यासमोर लहान रेणू मावेल एवढी खाच. अशी खाच अपघातानेही किती कामाची ठरते ते ब्रायन कुहलमन यांच्या गटाच्या २०१२ मधल्या प्रथिनात दिसलं. त्यांनी दोन साखळ्या जस्ताने सांधायला रचना केली होती, जस्ताला चार लिगंड देऊन. स्फटिकात तीनच धरलेले निघाले, चौथी बाजू मोकळी आणि शेजारी खोबण. ते प्रथिन एस्टर तोडू लागलं. डोनाल्ड हिल्व्हर्ट यांच्या गटाने ते एका साखळीत जोडून प्रयोगशाळेत उत्क्रांत केलं आणि २०१८ मध्ये सेकंदाला प्रतिमोलर सुमारे दहा लाख इतक्या कार्यक्षमतेचं, एकमेकांच्या आरसा-प्रतिमा असलेल्या दोन रूपांपैकी एकालाच पसंती देणारं एन्झाइम मिळवलं. संगणकाने सुरुवात द्यावी आणि उत्क्रांतीने घासून-पुसून द्यावं, ही विभागणी मला आजही सगळ्यांत शहाणपणाची वाटते.

दर मोजण्याआधी जस्तावरच्या पाण्याचा पीकेए काढा. नुसत्या जस्ताच्या द्रावणात तो नऊच्या आसपास, कार्बोनिक अनहायड्रेजमध्ये सातच्या आसपास. पेकोरारोंच्या जुडग्यात तो नऊच्याच बाजूला राहिला, आणि तरीही त्याच्या सर्वोत्तम पीएचला कार्बन डायऑक्साइडच्या अभिक्रियेत ते नैसर्गिक एन्झाइमच्या पाचशेपटीच्या आत पोचलं. तुमच्या जागेचा पीकेए आठच्या खाली आला, तर भोवतालचं कवच काम करतंय असं समजा.

आणि मोजायला पॅरा-नायट्रोफिनाइल अॅसिटेट घ्याल, सगळेच घेतात, कारण पिवळा रंग पाहून दर लगेच कळतो. पण हा एस्टर तुटायला टपलेलाच असतो. मोकळा इमिडॅझोलही तो तोडतो. म्हणून एका दरासोबत चार दर मोजा: नुसतं बफर, तेवढंच मोकळं जस्त, अॅलानिनवाला भाऊबंद जस्तासकट, आणि जस्त पूर्ण काढलेलं तुमचं मूळ प्रथिन. बहुतेकांकडे पहिले तीन असतात. चौथा गाळतात, कारण जस्त खरोखर पूर्ण काढणं कटकटीचं असतं; ईडीटीए घालून, मग तो ईडीटीएही गाळून टाकावा लागतो. जस्तासह आणि जस्ताविना दरातला फरक दहापटीपेक्षा कमी आला, तर मी त्याला जस्ताचं काम म्हणायला तयार होत नाही, आणि असा लेख परीक्षणाला आला की पहिली टिप्पणी तीच लिहितो.